चोवीस लेव्हलचा मेज सोडून वॉरलॉक करू का?

"ताई, नमस्कार. मी आणि माझा मेहुणा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम खेळतो, एरा सर्व्हरवर. तो वॉरियर, मी ह्यूमन मेज म्हणजे जादूगार, लेव्हल 24. शनिवार-रविवार दोघं एकत्र, बाकीचे दिवस मी एकटाच, रात्री पोरगी झोपल्यावर तास-दीड तास. टॅलेंट पॉइंट सगळे फायरमध्ये, म्हणजे आगीच्या शाखेत टाकलेत, पायरोब्लास्ट घेतलाय. एक मॉब (गेममधला शत्रू) आला तर ठीक, दोन आले की मेलोच समजा. डस्कवुडमध्ये तर मरायलाच जातो मी. रेव्हन हिलच्या कबरींमध्ये पॉलिमॉर्फ (शत्रूची मेंढी करायची जादू) चालतच नाही, बग आहे का हा? ग्रुपबरोबर डेडमाइन्स डंजनला गेलो तर मेंढी केलेला माणूस माझ्याच आर्केन एक्स्प्लोजननं सुटला आणि हीलर बाई सगळ्यांसमोर बोलल्या. खरं सांगू तर मला मेंढी करण्यातच सगळ्यात जास्त मजा येते, पण तेही धड जमत नाही. वर ग्रुपमध्ये घेतात ते मेज जादूनं बनवतो त्या पाण्यासाठी, सारखं आपलं वॉटर प्लीज, वॉटर प्लीज. गिल्डमधला एक म्हणतो वॉरलॉक कर, दुसरा म्हणतो प्रीस्ट कर म्हणजे मेहुण्याला हीलर मिळेल. काय करू? आणि ह्यूमनऐवजी नोम ही बुटकी जात घेतली असती तर बरं झालं असतं का?
- पाणीवाला, नाशिक"

अरे पाणीवाल्या, आधी त्या बगचं मिटवून टाकते. बग नाहीये तो. पॉलिमॉर्फ फक्त ह्युमनॉइड, बीस्ट आणि क्रिटर यांच्यावरच चालतं आणि रेव्हन हिलच्या कबरींमधून जे काही उठून येतं ते सगळं अनडेड, सांगाड्याची मेंढी होत नाही. त्यांना बांधून ठेवायचं काम प्रीस्टचं, लेव्हल 20 ला त्यांना शॅकल अनडेड मिळतं. म्हणजे तुझं एकुलतं एक आवडतं हत्यार जिथे चालत नाही नेमकी तीच जागा तू रात्री एकट्यानं खेळायला निवडलीयेस, आणि मग म्हणतोस मरतो. डस्कवुड सोडायची पण गरज नाही, तिथेच डिफायसची माणसं पण आहेत ना, ती ह्युमनॉइड. नाहीतर सरळ वेटलँड्सला जा, तिथले नोल झाले, मगरी झाल्या, रॅप्टर झाले, सगळ्यांची मेंढी होते. रेव्हन हिलची क्वेस्टं शनिवारी मेहुण्याला घेऊन कर.

आता मुद्द्याचं. वॉरलॉक की प्रीस्ट असं विचारलंस, पण गिल्डवाले जे सांगतायत ते त्यांच्या सोयीचं सांगतायत, त्यांना समन (लांबच्या माणसाला जादूनं बोलावून घेणं) पाहिजे, हीलर पाहिजे, त्यात तुझं काय. मी हा प्रश्न जरा वेगळा विचारते. कापडवाले जादूगार तीनच, मेज, वॉरलॉक, प्रीस्ट (ड्रुइड आणि शामन पण जादू करतात पण त्यांचं गणित वेगळं, आणि क्लासिकमध्ये शामन होर्डकडे म्हणजे विरुद्ध पक्षाकडेच, तुला मिळणारच नाही). तिघांच्याही हातात कांडी, अंगावर कापड, आणि तिघंही चार फटक्यांत आडवे. मग फरक कशात आहे, तर मॉब अंगावर आल्यावर काय होतं त्यात. मेजनं मॉब अंगापर्यंत पोचूच द्यायचा नसतो. वॉरलॉकचा मॉब दुसऱ्याच कुणालातरी बडवत असतो. प्रीस्ट मार खातो आणि खाल्लेला भरून काढतो. बाकी डॅमेजचे तक्ते, कोण टॉपला, कोण तळाला, हे लेव्हल 60 ला रेडमध्ये (मोठ्या ग्रुपच्या मोहिमेत) गेल्यावर बघायचं, 24 ला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि तू काय केलंयस, मेज घेतलायस आणि मॉबला अडवायच्या टॅलेंटमध्ये एकही पॉइंट टाकलेला नाहीयेस. पायरोब्लास्ट बघायला झकास आहे, मान्य, पण सहा सेकंदांची कास्ट (जादू सुटायला लागणारा वेळ) आहे रे ती. पहिला मारलास की फायरबॉल चालू करायचा, तोवर मॉब येऊन पोचतो, तो मारायला लागला की प्रत्येक फटक्याला कास्ट मागे सरकते, मग तीन सेकंदांचा फायरबॉल पाच सेकंदांचा होतो, आणि तेवढ्यात मागून दुसरा येतो. फायरबॉलमुळे कुणी हळू होत नाही, कुणी थांबत नाही, मध्येच इम्पॅक्टनं एखादा गरगरला तर नशीब. फायर वाईट नाहीये, फायर 24 लेव्हलला एकट्या माणसासाठी नाहीये. आणि गंमत म्हणजे 60 ला पोचलास तरी लगेच फायर लागणार नाही, कारण पहिली मोठी रेड मोल्टन कोअर, तिथे अर्धी जनता आगीचीच बनलेली, रॅग्नरॉसला तर आगीचं काहीच होत नाही, म्हणून तिथे आणि ब्लॅकविंग लेअरमध्ये सगळे मेज मुकाट्यानं बर्फाचा फ्रॉस्टबोल्ट मारतात. फायरचे दिवस आन किराज आणि नॅक्स या पुढच्या रेडमध्ये येतात, जेव्हा सगळ्या मेजांचं इग्नाइट (क्रिटनं लागणारी आग) एकाच बॉसवर एकत्र साठायला लागतं आणि ते ज्याच्या नावावर असेल तो बिचारा ॲग्रो खाऊन, म्हणजे बॉसला स्वतःवर ओढून घेऊन मरतो. त्याला तुला खूप वेळ आहे.

तर स्टॉर्मविंडला जा, मेज ट्रेनरकडे टॅलेंट काढून घे. पहिल्या वेळेला 1 गोल्ड घेतात, पुढच्या वेळेला 5, मग दर वेळेला पाच-पाच वाढत 50 पर्यंत जातं, त्यामुळे आत्ता कर आणि परत परत करत बसू नकोस. लेव्हल 24 म्हणजे तुझ्याकडे 15 पॉइंट आहेत, सगळे फ्रॉस्टमध्ये, म्हणजे बर्फाच्या शाखेत टाक. पाच इम्प्रूव्ह्ड फ्रॉस्टबोल्टमध्ये, त्यानं कास्ट अर्ध्या सेकंदानं कमी होते, ऐकायला किरकोळ वाटतं पण दर बोल्टला अर्धा सेकंद म्हणजे मॉब तेवढा लांब. दोन इम्प्रूव्ह्ड फ्रॉस्ट नोव्हामध्ये. तीन पर्माफ्रॉस्टमध्ये. दहा झाले की खालची रांग उघडते, तिथे तीन इम्प्रूव्ह्ड ब्लिझर्डला. उरलेले दोन आइस शार्ड्समध्ये टाक. फ्रॉस्टबाइटचा मोह होईल, सगळे सांगतात घे म्हणून, मला स्वतःला तो आवडत नाही, कारण मॉब कधी गोठेल ते आपल्या हातात राहत नाही आणि पुढे पाच-सहा मॉब एकदम गोळा करून ब्लिझर्डखाली मारायचे असतात तेव्हा त्यातला एक मध्येच गोठून मागे राहतो आणि सगळा खेळ बिघडतो. पण हे माझं मत झालं, चांगले चांगले मेज घेतात तो.

आता दोन मॉबची मारामारी सांगते, सावकाश वाच, कारण तुझं सगळं दुखणं इथेच आहे. समज दोन डिफायस उभे आहेत. पॉलिमॉर्फ आणि फ्रॉस्टबोल्ट दोन्ही 30 यार्डांवरून लागतात, त्यामुळे अगदी टोकाला उभा राहा, आणखी पुढे जाऊ नकोस. पहिलं पॉलिमॉर्फ, दीड सेकंदाची कास्ट. कुणावर? जो जादू करणारा किंवा लांबून मारणारा असेल त्याच्यावर, कारण फ्रॉस्टचा सगळा डाव मॉबला चालायला लावण्यावर आहे, आणि जो चालतच नाही, लांबूनच मारतो, त्याला हळू करून काय फायदा. दोघंही तलवारवाले असतील तर कुठलाही चालेल. एक मेंढी झाली की दुसऱ्याला फ्रॉस्टबोल्ट. तो रांगत यायला लागेल. परत बोल्ट. जवळ आला, एकदम जवळ, नोव्हा फक्त 10 यार्ड पोचते, तेव्हा फ्रॉस्ट नोव्हा. त्याचे पाय जमिनीला आठ सेकंद चिकटले. इथे नवीन माणूस काय करतो, एस बटण दाबून उलटा चालतो. नको ना! उलटं चालणं पळण्यापेक्षा बरंच हळू होतं. माउसनं गर्रकन वळ, पाठ फिरवून पळ, परत वळ, बोल्ट चालू. त्या बोल्टनं बर्फ लवकर फुटू शकतो, फुटू दे, बोल्ट लागल्यामुळे तो परत रांगतच येणार. फायर ब्लास्ट इन्स्टंट आहे, तो मधल्या वेळेला वापर. थोडाच जीव राहिला की स्पेल बंद, कांडी काढ.

कांडीचं एवढं का सांगते, तर क्लासिकमध्ये माना (जादूला लागणारी शक्ती) खर्च केल्यापासून पाच सेकंद स्पिरिटमुळे येणारा माना बंद असतो. कांडीला माना लागत नाही. म्हणजे शेवटचे पाच-सात सेकंद कांडी मारलीस तर मॉब पण मरतो आणि माना पण चढायला लागतो. तुझ्या हातात अजून ट्रेनरजवळ मिळालेली फुटकळ कांडी असेल असा माझा दाट संशय आहे, असेल तर आजच ऑक्शन हाउस बघ, 24 ला घालता येईल अशी चांगली कांडी ही तुझ्यासाठी नव्या झग्यापेक्षा मोठी खरेदी आहे.

दरम्यान मेंढीकडे लक्ष. लेव्हल 20 ला जी दुसरी रँक मिळते तिची मेंढी 30 सेकंद टिकते, पण त्यावर विसंबून राहू नकोस, आधीही सुटते कधीकधी. पंचविसाव्या सेकंदाला पहिला मेला नसेल तर परत मेंढी कर, जुनी सुटायची वाट बघू नकोस. आणि मेंढी आहे तोवर तू कॉम्बॅटमध्येच आहेस, बसून पाणी पिता येणार नाही, त्यामुळे दुसऱ्यासाठी माना ठेवूनच पहिला संपवायचा. अगदीच कोरडा पडलास तर इव्होकेशन आहे ना, 20 ला मिळालंय तुला, आठ सेकंद उभं राहायचं आणि माना भरतो. आठ मिनिटांनी परत मिळतं. लोक ते जपून जपून ठेवतात आणि मरताना आठवतं.

आता डेडमाइन्स. त्या हीलर बाईंचं बोलणं लागलं असेल पण चूक काय होती ते समजून घे. मेंढीला कसलंही डॅमेज लागलं की ती सुटते, आर्केन एक्स्प्लोजन, ब्लिझर्ड, नोव्हा, सगळं तिलाही लागतं. आणि सुटते ती ताजीतवानी होऊन, कारण मेंढी झालेला मॉब भराभर बरा होतो. म्हणून अर्धमेल्या मॉबची मेंढी कधी करायची नाही, मारामारी सुरू व्हायच्या आधी, लांबूनच, जो सगळ्यात त्रास देणार त्याची करायची. एका वेळेला एकच मेंढी, दुसरी केलीस की पहिली सुटते. मेहुणा टँक (मार अंगावर घेणारा) आहे म्हणजे खुणा तोच लावत असेल, त्याला सांग कवटी म्हणजे आधी मारायचा, चंद्र म्हणजे तुझी मेंढी, बहुतेक ग्रुप असंच धरतात. आणि चंद्र जिथे उभा आहे तिथून त्यानं बाकीच्यांना थोडं बाजूला ओढून न्यायचं, नाहीतर त्याच्याच थंडर क्लॅपनं सुटेल आणि बोलणी तू खाशील. मेंढी एका बाजूला, मारामारी दुसऱ्या बाजूला, मग तुला ब्लिझर्डही मोकळेपणानं टाकता येईल.

ॲग्रोचं पण असंच. वॉरियरला सुरुवातीला राग (त्याच्या फटक्यांना लागणारी शक्ती) जमवायला दोन-तीन फटके लागतात. तू पहिल्या सेकंदाला बोल्ट मारलास तर मॉब तुझ्याकडे येणारच. लांबून मारणाऱ्याला टँकच्या 130 टक्के थ्रेट होईपर्यंत सूट असते, जवळून मारणाऱ्याला 110 लाच, म्हणजे तुला रोग या जवळून मारणाऱ्या क्लासपेक्षा जास्त सवलत आहे, तरीही तू ओढून घेतोस याचा अर्थ तू थांबत नाहीस. कवटीवर वॉरियरचे दोन सनडर फटके पडू दे, मग मार. आणि चुकून आलाच मॉब तुझ्याकडे तर पळत सुटू नकोस, उलट मेहुण्याच्या जवळ जा आणि तिथे नोव्हा टाक, पाय चिकटलेला मॉब हाताशी जो असेल त्यालाच मारतो, तू बाजूला झालास की मेहुणा आहेच.

इतकं वाचून वाटत असेल की वॉरलॉकच बरा. तर तेही नीट सांगते, मला वॉरलॉकचा राग नाही. एकट्यानं, रात्री, दमून खेळायला वॉरलॉक खरंच आरामाचा. व्हॉइडवॉकर पुढे सोडायचा, करप्शन आणि कर्स ऑफ ॲगनी टाकायचं, कांडी मारत उभं राहायचं. माना संपला तर लाइफ टॅप करून रक्ताचा माना करायचा, रक्त कमी झालं तर ड्रेन लाइफनं मॉबचं ओढून घ्यायचं. बसणं नाही, पिणं नाही. पोरगी रडली म्हणून पटकन उठलास तरी निळा राक्षस चार फटके तुझ्याऐवजी खातो. चाळीसला घोडा जवळपास फुकटात मिळतो, जेव्हा बाकीच्यांची गोल्ड जमवता जमवता पुरेवाट झालेली असते.

पण मग सोल शार्ड. प्रत्येक शार्ड मॉब मरताना ड्रेन सोल चालू ठेवून गोळा करायचा आणि प्रत्येक शार्ड पिशवीतली एक जागा खातो. व्हॉइडवॉकर बोलवायला शार्ड, हेल्थस्टोनला शार्ड, समनला शार्ड. आणि पाणीवाला म्हणून तू वैतागलायस ना, वॉरलॉक झालास की ग्रुप भरायच्या आधीच लोक म्हणतात, समन आहे ना? तेही एकट्यानं होत नाही, आणखी दोघं तिथे पोचून क्लिक करायला लागतात, ते दोघं पोचेपर्यंत तू डंजनच्या दारात उभा. शिवाय वॉरलॉकचा मॉब अडवायचा उपाय म्हणजे फिअर, बाहेर मोकळ्यावर उत्तम, डेडमाइन्समध्ये फिअर मारलास की तो माणूस पळत जाऊन पुढच्या खोलीतल्या चौघांना घेऊन येतो. त्या हीलर बाई मग काय बोलतील याचा विचार कर.

प्रीस्टबद्दल थोडक्यात. वॉरियर आणि प्रीस्ट ही जोडी गेममधल्या सगळ्यात मजबूत जोड्यांपैकी एक, गिल्डवाला चुकीचं सांगत नाहीये. एकट्यानं पण छान चालतो, शील्ड, शॅडो वर्ड पेन, मग नुसती कांडी, आणि स्पिरिट टॅप घेतलंस तर प्रत्येक मॉब मेला की माना झरझर चढतो. ग्रुप दोन मिनिटांत मिळतो. पण ग्रुप मिळतो तो हील करायला, आणि हील करणं म्हणजे डोळे मॉबवर नाही, पाच हिरव्या पट्ट्यांवर. ते आवडणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांचे उपकार मानावेत, पण तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात कुणाला वाचवण्याबद्दल एक अक्षर नाही. मेहुण्याला हीलर पाहिजे असेल तर तो गिल्डमध्ये शोधेल, त्याच्यासाठी तू 24 लेव्हल परत चढायची काही गरज नाही.

तुझ्या पत्रात मला एकच वाक्य महत्त्वाचं वाटलं, मेंढी करण्यात सगळ्यात जास्त मजा येते म्हणालास ते. पायरोब्लास्टबद्दल नाही म्हणालास असं. म्हणजे तुला मारण्यापेक्षा अडवणं आवडतं, कुणी कुठे उभं राहायचं हे ठरवणं आवडतं, आणि हेच मेजचं खरं काम आहे रे. पुढे कोन ऑफ कोल्ड येईल, शॅटर येईल, ज्यात गोठलेल्या मॉबवर क्रिट (जास्त जोराचा फटका) लागण्याची शक्यता पन्नास टक्क्यांनी वाढते, मग नोव्हा आणि बोल्ट यांचा जोड काय असतो ते कळेल. आइस ब्लॉक येईल, दहा सेकंद बर्फात बसायचं, कुणी काही करू शकत नाही. चाळीसला आइस बॅरिअर. त्यामुळे माझं उत्तर, मेजच ठेव, फ्रॉस्ट कर, आणि लेव्हल 30 पर्यंत खेळ. तिशीला पोचून पण रात्री गेम बंद करताना चिडचिडच होत असेल तर खुशाल वॉरलॉक कर, तेव्हा तरी कळलेलं असेल की दमलेल्या माणसाला अडवाअडवी नको, नुसतं उभं राहणं पाहिजे. ते काही कमीपणाचं नाही.

आता पाणी. बघ, पाणी फुकट आहे, थोडा माना खर्चून बनतं, आणि हीलरला ते विकत घ्यायला पैसे पडतात. हे काम चिडून करण्यासारखं नाही. त्रास पाणी देण्याचा नसतो, मागितल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून बनवत बसण्याचा असतो. तर ग्रुप जमायची वाट बघत असतोस तेव्हाच बनवून ठेव, आधी हीलरला दोन ढीग, मग उरलेल्यांना, न मागता, दारातच. एकदा दिलंस की कुणी वॉटर प्लीज करत नाही, आणि बोलणाऱ्या हीलर बाई पण जरा सांभाळून बोलतात, हा अनुभव आहे. आदल्या रात्री मात्र बनवू नकोस, लॉग आउट करून पंधरा मिनिटांच्या वर गेली की जादूचं पाणी-पाव गायब होतं. आणि डंजन संपलं की तू 20 पासूनच स्टॉर्मविंड किंवा आयर्नफोर्जला टेलिपोर्ट होऊ शकतोस, बाकीचे चालत जातात, ते पण लक्षात घे की. चाळीसला पोर्टल उघडता आलं की लोक वॉटर प्लीजऐवजी पोर्टल प्लीज म्हणतील पण त्याचे पैसे देतील.

नोमचं काय विचारतोस, नोमला इंटलेक्ट 5 टक्के जास्त, पाय अडकले तर सोडवून घेता येतात, पेपरवर नोमच बरा. ह्यूमनला स्पिरिट जास्त, जे मेजला तेवढं उपयोगी नाही. पण 5 टक्क्यांसाठी 24 लेव्हल परत? सोड. तेवढा फरक कपड्यातून निघतो. हिरव्या वस्तू घेताना नावाचा शेवट बघ, ऑफ द आउल म्हणजे इंटलेक्ट आणि स्पिरिट, ऑफ द ईगल म्हणजे इंटलेक्ट आणि स्टॅमिना. दोन्ही सारख्या भावात असतील तर मी ईगल घेईन, मेलेल्या मेजचा माना कितीही असला तरी काय उपयोग.

पिंगबद्दल (सर्व्हरपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेबद्दल) तू लिहिलं नाहीस पण नाशिकहून युरोपच्या सर्व्हरला खेळत असशील तर पिंग दीडशेच्या आसपास किंवा वर असणार. घाबरू नकोस, फ्रॉस्ट मेजला ते चालतं, कास्टवाल्या स्पेलना तेवढा फरक पडत नाही. फरक पडतो समोरच्याची जादू तोडणाऱ्या काउंटरस्पेलला, त्याची कास्ट संपत आल्यावर दाबलंस तर उशीर झालेला असतो, म्हणून कास्टची पट्टी निम्म्यावर यायच्या आत दाब. आणि नोव्हा, ब्लिंक, काउंटरस्पेल ही तीन तरी माउसनं क्लिक करू नकोस, डाव्या हाताच्या बोटाखाली बटणं लाव, क्यू, ई, आर, जे सोयीचं पडेल ते. बाकी सगळं क्लिक केलंस तरी चालेल, ही तीन नाही.

आणि ट्रेनरकडे गेलास की दिसेल ते सगळं विकत घेऊ नकोस, गोल्ड तिथेच जातं सगळ्यांचं. फायरबॉलच्या नव्या रँका आता राहू दे. काउंटरस्पेल 24 ला मिळतं, घेतलं नसशील तर आधी ते. रिमूव्ह लेसर कर्स 18 लाच मिळालेलं असतं, बऱ्याच जणांनी बटण सुद्धा लावलेलं नसतं, ते बारवर आण, पुढे मोल्टन कोअरमध्ये लुसिफ्रॉनच्या समोर मेजला डॅमेजपेक्षा तेच जास्त विचारतात. मग 26 ला फ्रॉस्टबोल्टची नवी रँक आणि कोन ऑफ कोल्ड. घोड्यासाठी आत्तापासून बाजूला टाकायला लाग, आणि टेलरिंग घेतलं नसशील तर घे, कापड सगळ्या ह्युमनॉइडच्या खिशात असतंच, खाणी शोधत हिंडायला नको, आणि स्वतःच्या पिशव्या स्वतः शिवता येतात.